मागच्या भिंतीचे चार टब

१

टब चोवीस होते. सहा-सहाच्या चार ओळी, हिरवे प्लास्टिक, वीतभर खोली आणि प्रत्येकावर मावळातल्या एका शाळेचे नाव. प्रत्येक टबात शेणखत, पालापाचोळा आणि शंभर गांडुळे, वर गोणपाट. शनिवारी सकाळी मी पाहिले तेव्हा वीस टबांत एकही गांडूळ जिवंत नव्हते. बरीचशी वर चढून गोणपाटाला चिकटून मेली होती, पांढुरकी पडून, आखडून. उरलेल्या चार टबांतली मी वर्तमानपत्रावर काढून मोजली. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, शंभर, त्र्याण्णव. एकूण तीनशे अठ्ठ्याऐंशी.

हे चार टब शेडच्या मागच्या भिंतीला लागून होते, दारापासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. आणखी दोन फरक दिसले. त्या चारांत खताच्या मधोमध खळगा पडला होता. बाकीच्यांचा पृष्ठभाग सपाट होता. आणि मेलेल्या वीस टबांवरची गोणपाटे खळ दिल्यासारखी कडक झाली होती. चारांवरची मऊ होती.

"मी काही हलवलेलं नाही," सुमय्या तांबोळी म्हणाली. ती केंद्राची प्रशिक्षक. सकाळी दार उघडून हे पहिल्यांदा पाहिले ते तिने.

केंद्र म्हणजे कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, रखमाजी आबांकडून भाड्याने घेतलेल्या अर्ध्या एकरात एक वर्गखोली आणि ही जाळीच्या दाराची शेड. शाळांमधल्या शिक्षकांना शाश्वत शेती शिकवायची, म्हणजे ते ती मुलांना शिकवतील, असा हा कार्यक्रम. त्याला अनुदान आमची संस्था देते. पहिले वर्ष संपत आले होते. रविवारी समिती येणार होती, चोवीस शिक्षक आपापला टब घेऊन जाणार होते आणि पुढच्या तीन वर्षांच्या अनुदानाचा निर्णय तिथेच व्हायचा होता. मी रसायनशास्त्राची पदवीधर, संस्थेत पडताळणीचे काम करते. समितीच्या एक दिवस आधी पोहोचायचे, एवढीच माझी कामगिरी होती.

समितीच्या अध्यक्षांचा फोन मी फाटकातल्या आंब्याला टेकून घेतला.

"अपेक्षा, उद्या आम्ही यायच्या आत मला एका शब्दात उत्तर हवं. अपघात, हलगर्जीपणा की घातपात? हलगर्जीपणा असेल तर प्रशिक्षक बदलू. घातपात असेल तर कार्यक्रम मावळातून हलवू. उत्तर मिळालं नाही, तर अनुदान थांबेल."

फोन ठेवला तेव्हा माझ्या बाहीला पांढरे आणि तांबडे लागले होते. मी ते झटकले. सुमय्या दोन हातांवर उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"प्रशिक्षक बदलणं सोपं आहे," ती म्हणाली. "मी कंत्राटावर आहे."

"तुम्ही शेवटचं पाणी कधी घातलंत?"

"बुधवारी. गुरुवार-शुक्रवार ओंकार सरांनी मला लोणावळ्याला बसवलं होतं, हॉटेलात, समितीची मांडणी तयार करायला. पाणी घालायला कुणाला तरी सांगतो म्हणाले."

ओंकार हे केंद्रप्रमुख. मी माझ्याजवळच्या पट्ट्यांनी टबांतल्या ओलाव्याचा पीएच तपासला. सात म्हणजे साधे पाणी. सातच्या वर म्हणजे राख, चुना, धुण्याचा सोडा असले काहीतरी. जिवंत चार टबांत सात आला. मेलेल्या वीसांत साडेनऊ.

शेडबाहेर टबांच्या पाण्यासाठी दोन निळे ड्रम होते. एक रिकामा, आत शेवाळाची हिरवी रेघ. दुसरा पालथा घातलेला, घासून लख्ख, खालची माती अजून ओली.

"हा तुम्ही धुतलात?"

"इथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं," सुमय्या म्हणाली. "ड्रम धुवायला पाणी कुणाकडे आहे?"

दाराचे कुलूप धड होते. किल्ल्या तीन.

"एक माझ्याकडे, एक ओंकार सरांकडे. तिसरी रखमाजी आबांच्या ओट्यावर खिळ्याला असते." तिने कुंपणापलीकडे पाहिले. तिथली जमीन काळीभोर जळलेली होती आणि तिच्यावरची राख वाऱ्याने आमच्याकडे सरकत होती.

२

मावळात भाताचे रोप टाकायच्या जागेवर आधी शेण, पाला आणि फांद्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. सुमय्या वर्षभर शिक्षकांना राब न जाळता रोप कसे करायचे ते शिकवत होती. रखमाजी आबांनी या वर्षीचा राब बरोबर तिच्या कुंपणाला लागून भाजला होता.

आबा ओट्यावर बसून बोटांना खोबरेल चोळत होते. बोटांची कातडी कोरडी पडून सोलली होती.

"या बाई. पंचनामा का?"

"तसंच काहीसं, आबा. किल्ली इथंच असते?"

"ती काय खिळ्याला. मांजर बी घिऊन जाईल."

"गुरुवारी, शुक्रवारी कुणी नेली?"

"म्या न्हाई बगितलं."

"तुम्ही स्वतः शेडमध्ये गेला होता?"

"मी? त्या किड्यांच्यात?" त्यांनी खोबरेलाची वाटी बाजूला सरकवली. "आवं, पारावर समद्यांसमोर सांगून बसलोय, त्या शेडीत पाय ठिवनार न्हाई म्हनून. आता गेलो तर पोरं टाळ्या पिटतील."

"राब अगदी कुंपणाला चिकटून भाजलात."

"जिमीन माजी, राब माजा. धूर तेवढा वाऱ्याचा. मास्तरनीला म्हनावं, वाऱ्याला शिकव."

"लोणावळ्याचा कुणी रिसॉर्टवाला जागा बघून गेला म्हणतात."

"बगून गेला. च्या पिऊन गेला. परत यीन म्हनला, तुमचं दुकान बंद झालं की." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोटं काय बगताय? निंदनीनं झालंय."

मे महिन्यात, कोरड्या शेतात निंदणी नसते. मी ते बोलले नाही.

निघताना राबातली मूठभर राख घेतली, बाटलीतल्या पाण्यात ढवळली आणि पट्टी बुडवली. साडेदहा. राखेच्या पाण्याने गांडुळे मरतात. आबांची राख, आबांच्या ओट्यावरची किल्ली, आणि केंद्र बंद झाले तर मोकळी होणारी आबांची जमीन.

फक्त एक गोष्ट बसत नव्हती. राखेत कोळशाचे काळे कण असतात. वीसपैकी एकाही टबात मला एकसुद्धा काळा कण सापडला नव्हता. अर्थात, राख भिजवून पाणी फडक्यातून गाळले असेल, तर तेही जमले. पण मग ते ठरवून केलेले काम झाले. घातपात.

३

कैलासचे खते-औषधांचे दुकान कामशेतला स्टेशनच्या रस्त्यावर आहे. केंद्राच्या शिक्षकांनी आपापल्या गावात रासायनिक खत कमी करायला सांगितल्यापासून त्याने सुमय्याशी बोलणे सोडले होते.

"या मॅडम, बसा. माझ्यावरच येणार म्हणून सकाळपासून वाट बघतोय," तो म्हणाला. "स्टँडवर कुणालाही विचारा, गांडुळं कैलासनं मारली."

"मारलीत?"

त्याने मागच्या फळ्यांकडे हात केला. "मला मारायचीच असती तर यातलं एक झाकण पुरलं असतं. आणि तुम्हाला दारातच वासावरून कळलं असतं. वास आला?"

नव्हता आला. शिवाय त्याच्याकडे किल्ली नव्हती आणि कुलूप धड होते.

"सुमय्याताईंशी तुमचं भांडण आहे."

"भांडण गिऱ्हाइकाचं आहे, माणसाचं नाही. तिचे वडील चाँदभाई माझे शेजारी. सकाळचा चहा एकत्र असतो आमचा." त्याने पंखा माझ्याकडे वळवला. "आणि ढोंग बघा तुमच्याकडचं. मला विष विकतो म्हणायचं, आणि तुमचे ओंकार साहेब बुधवारी माझ्याकडूनच चुना आणि गेरू घेऊन गेले. म्हटलं, काय हो? म्हणाले, पाहुणे येणार. आपल्याकडं साहेब येणार म्हटलं की आधी झाडांना कपडे चढतात."

मी बाहीकडे पाहिले. फाटकातल्या आंब्यांना बुंध्याशी तांबडा पट्टा होता, वर पांढरा. शाळेत कुणी तपासणीला यायचे असले की आमच्या वराळ्यातही हेच होई.

चुन्याचाही पीएच चढा असतो. पण चुना पडला असता तर टबांत पांढरे दिसले असते. खत काळेभोर होते. मी चुना बाजूला ठेवला.

"तुम्हाला खरंच शोधायचं असेल," कैलास आवाज खाली आणून म्हणाला, "तर चाँदभाईंच्या पोल्ट्रीतून कोंबडीखताची पोती गेली होती केंद्रावर. कच्चं कोंबडीखत गांडुळाला चालत नाही, हे मलाही कळतं. तिनं तुम्हाला सांगितलं का?"

तिने सांगितले नव्हते.

४

मी स्कूटरवरून लोणावळा गाठले. ओंकार समितीच्या हॉटेलात, खालच्या दालनात बसले होते. समोर उद्याच्या कार्यक्रमाच्या घड्या घातलेल्या पत्रिका होत्या.

"वाईट झालं," ते म्हणाले. "सुमय्या मेहनती आहे, पण घाई करते. वडिलांचं कोंबडीखत कच्चंच घातलं असणार. मी समितीला तसं कळवलंय. नाइलाज आहे माझा."

"कच्च्या कोंबडीखताला अमोनियाचा वास येतो, सर. डोळ्यांत पाणी येतं. तिथं तसं काही नव्हतं. आणि वर्गखोलीमागे तीन पोती आहेत, तिन्ही शिवलेली."

"चौथं असेल."

"तुम्ही शेडमध्ये शेवटचे कधी गेला होता?"

"गुरुवारी केंद्रावर होतो, रंगाऱ्याला झाडं दाखवायला. शेडमध्ये गेलोच नाही. तेव्हापासून मी इथं. आज सकाळी तिचा फोन आला तेव्हा याच खुर्चीत नाश्ता करत होतो."

"दोन दिवस पाणी कोण घालणार होतं?"

त्यांनी पत्रिकांची चळत नीट केली. "ते राहून गेलं. मान्य. पण तहानेनं वीस टब मरत नाहीत. हे बघा, मला कुणावर आळ घ्यायचा नाही. भिंतीकडचे चार टब तेवढे वाचले. त्यात आंबी आहे, वराळे आहे. तळेगावकडच्या त्या शिक्षिका म्हणजे तिच्या खास मैत्रिणी. कुणाचे वाचले आणि कुणाचे गेले, यावरून काय ते समजा." मग हसून म्हणाले, "वराळं म्हणजे तुमचंच गाव ना? तुमच्या गावची वाचली म्हणा की."

मला राग आला. आपल्या गावचा टब वाचला यात आपला काही हात नाही, हे सांगण्यात मी उरलेली भेट घालवली आणि नमस्कार करून निघाले.

मळवलीच्या अलीकडे रस्त्याकडेला स्कूटर थांबवली आणि सुमय्याला फोन लावला.

"सकाळी ओंकार सरांना फोनवर नेमकं काय सांगितलंत?"

"काय सांगणार? सर, गांडुळं मेली, लगेच या. ते म्हणाले, अपेक्षा येतेय, ती बघेल. आणि ठेवला."

"किती टब, कुठले टब?"

"मी मोजलेच नव्हते हो तेव्हा. दारातूनच फोन केला."

अध्यक्षांना मी टब मेले एवढेच कळवले होते. कैलासशी टबांच्या संख्येबद्दल बोलले नव्हते. भिंतीकडचे चार वाचले हे मला आणि सुमय्याला माहीत होते.

आणि ओंकारना.

५

सुमय्या शेडच्या पायरीवर बसली होती.

"कोंबडीखताचं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टबांकडे पाहिलंच नसतं," ती म्हणाली. "सगळे आधी अब्बांच्या पोत्यांकडेच पाहतात. ती पोती मी कुजवायला मागवली आहेत, पावसाळ्यानंतरसाठी. हवी तर उसवून बघा."

मी उसवली नाहीत. त्याऐवजी आम्ही दोघी आत गेलो आणि मी तिला टबांच्या ओळी दाखवल्या.

"दारापासून सुरुवात करा. पहिली ओळ मेलेली, दुसरी, तिसरी. चौथीतले पहिले दोन. मग चार जिवंत. शाळांची नावं विसरा. ही नुसती पाणी घालत जाण्याची दिशा आहे. कुणीतरी दारापासून आत घालत आलं आणि इथे ते संपलं. मारायला आलेला माणूस चार टब बाकी असताना थांबेल का? तो आणखी घेऊन येईल."

"आणि या चारांत खळगे?"

"इथे पाणी झारीनं पडलं नाही. धार पडलीय, कळशीची किंवा तांब्याची. गोणपाट उचलून. बाकी वीसांवर झारीनं शिंपडलंय, गोणपाटावरूनच. म्हणून ती कडक आहेत. त्या पाण्यात काहीतरी विरघळलेलं होतं आणि ते दिसत नव्हतं."

झारी कोपऱ्यात होती. मी ती तिरकी केली. नळीत अडकलेले पाणी वाटीभर निघाले. नितळ, बिनवासाचे. पट्टी निळी-जांभळी झाली. बारा.

"राखेचं पाणी?" सुमय्याने विचारले. तिचा आवाज बदलला होता.

"गाळलेलं राखेचं पाणीही असंच नितळ असतं. पण आणखी एक पाणी असं दिसतं. चुना कालवून ठेवला की पांढरा गाळ तळाशी बसतो. वर राहते ती निवळी. दिसायला नळाचं पाणी."

ती उठली आणि वर्गखोलीतून प्रयोगाच्या पेटीतल्या दोन काचेच्या नळ्या आणि शीतपेयाच्या दोन काड्या घेऊन आली. मला सांगावे लागले नाही. उच्छ्वासातला वायू ओळखायचा हा प्रयोग ती शिक्षकांकडून दरवेळी करवून घेई.

"फुंकल्यावर राखेचं पाणी नितळच राहील," ती म्हणाली. "चुन्याची निवळी असेल तर दुधाळ होईल."

"हो."

"नितळ राहिलं तर आबा."

"तर आबा, आणि घातपात."

एका नळीत मी माझ्या बाटलीतले राखेचे पाणी गाळून घेतले. ती हळूहळू फुंकत राहिली. बुडबुडे आले, गेले. पाणी होते तसेच राहिले. दुसऱ्या नळीत तिने झारीतले पाणी ओतले. काडी तोंडाला लावण्याआधी ती थांबली.

"माणूस खडूस आहे," ती म्हणाली. "पण गेल्या दिवाळीत फराळाचा पहिला डबा त्यांच्याकडून आला होता मला."

मग तिने फुंकले. तिसऱ्या श्वासाला नळीत धुके आल्यासारखे झाले. त्यानंतर ती दुधासारखी पांढरी झाली.

६

ओंकारना मी उद्याच्या मांडणीसाठी या म्हणून निरोप दिला. ते पोहोचेपर्यंत आम्ही आबांच्या ओट्यावर गेलो. दाराशी तांब्याची कळशी होती.

"आबा," मी म्हणाले, "शेवटच्या चार टबांना तुमच्या घरचं पाणी घातलंत ना, या कळशीनं?"

त्यांनी कळशीकडे पाहिले. सुमय्या त्यांच्या शेजारी बसली.

"पारावर सांगाल?" आबांनी विचारले.

"नाही सांगणार."

"दोन दिस कुनी फिरकलं न्हाई तितं," ते म्हणाले. "ऊन हे असलं. जाळीतून दिसायचं, गोनपाट कोरडं ठक. मुकं जितराब ते. म्हनलं, शिकवनारी न्हाई तर मरू द्यायचं का? शुक्रवारी दुपारच्याला समदी झोपल्याली बगून गेलो. ड्रमात पानी व्हतं. म्हनलं घालावं."

"पाणी कसं होतं?"

"कसं म्हंजे? नितळ. वर जरा साय धरली व्हती, पातळ, कुरकुरीत. माज्या राबाची राख उडून बसली आसंल म्हनलं. हातानं बाजूला सारली. मग पानी खाली गेलं, झारी बुडंना. ऱ्हायल्याल्या चारांना घरनं नेलं."

"आणि बोटं?"

"तवापास्नं आग हुतीया." त्यांनी हात मागे घेतले. "मला वाटलं, तुमच्या किड्यांनीच कायतरी केलं."

चुन्याच्या निवळीला उघड्यावर ठेवले की वर तशी साय धरते. मला ते पुस्तकातून माहीत होते.

बाहेर गाडी थांबली. ओंकार फाटकातून आले आणि आम्हाला तिघांना ओट्यावर पाहून थबकले.

"सर, भिंतीकडचे चार टब वाचले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारले.

"सुमय्यानं. फोनवर."

"मी सांगितलं नाही," सुमय्या म्हणाली. "मला तेव्हा माहीत नव्हतं."

"मग समितीकडून असेल."

"समितीला अजून माहीत नाही. रंगाऱ्याला मी आत्ताच फोन केला. गुरुवारी चुना शेडजवळच्या निळ्या ड्रममध्ये कालवायला त्याला तुम्ही सांगितलंत. उरलेला त्यानं तसाच ठेवला. आज सकाळी तो ड्रम लख्ख होता आणि खालची माती ओली होती. जिथे नळाला एक दिवसाआड पाणी येतं तिथे चुन्याचा ड्रम कुणी धुतला? ज्याला काय झालं ते कळलं होतं त्यानं. किल्ल्या तीन. सुमय्याताईंना कळलं असतं तर त्यांनी मला निवळीच दाखवली असती, त्यांच्यावरचा आळ तरी गेला असता. आबांना अजूनही कळलेलं नाही."

ओंकारनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सकाळी लवकर आलो होतो, सगळं नीट दिसतंय का बघायला," ते शेवटी म्हणाले. "टब पाहिले. ड्रम पाहिला. अपेक्षा मॅडम, मी काही मुद्दाम केलं नाही. झाडं छान दिसावीत एवढंच होतं. पण प्रस्तावात मीच लिहिलंय, आवारात कुठलंही रसायन ठेवणार नाही म्हणून. तीन वर्षांचा प्रमुख म्हणून माझं नाव आहे त्यात. दुसऱ्याच दिवशी समितीसमोर चुन्याचा ड्रम?"

"मग माझं नाव कळवलंत," सुमय्या म्हणाली.

"तू तरुण आहेस. तुला दुसरीकडे कुठेही मिळेल."

"कामशेतात, सर? शाळांची गांडुळं मारणारी बाई म्हणून?"

आबा उभे राहिले होते. ते एकदा ओंकारकडे आणि एकदा कळशीकडे बघत होते.

"म्हंजे म्या मारली," ते म्हणाले. "पोरी, पानीच व्हतं गं. नितळ पानी."

सुमय्याने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले आणि वाटीतले खोबरेल त्यांच्या बोटांना लावायला घेतले.

"तुम्ही पाणी घातलंत, आबा," ती म्हणाली. "चुना दुसऱ्यानं घातला."

७

अध्यक्षांना मी एका शब्दात उत्तर देऊ शकले नाही. दोन दिले: अपघात, आणि नंतर लपवाछपवी. नळ्या दोन्ही सोबत ठेवल्या.

रविवारी समिती आली तेव्हा सुमय्याने मांडणी बाजूला ठेवली आणि चोवीस शिक्षकांसमोर तेच दोन प्रयोग पुन्हा केले. झारीतले पाणी संपले होते. तिने आंब्याच्या बुंध्यावरचा चुना खरवडून पाण्यात कालवला, निवळू दिला आणि कामशेतच्या एका शिक्षिकेला फुंकायला सांगितले. आबांचे नाव तिने घेतले नाही. 'कुणीतरी काळजीने पाणी घातले' एवढेच म्हणाली. आबा कुंपणापलीकडे राबाच्या जागेवर उगाच माती उकरत उभे होते.

ओंकारनी त्याच दिवशी पद सोडले. अनुदान मंजूर झाले, मावळातच, सुमय्या तांबोळी यांच्या नावाने. एक अट वाढली: आवारातल्या प्रत्येक ड्रमवर आत काय आहे ते लिहायचे. झाडांबद्दल समितीने काही म्हटले नाही.

जिवंत तीनशे अठ्ठ्याऐंशी गांडुळे चोवीस शाळांत वाटली. प्रत्येकी सोळा. चार उरली. ती कुणाला द्यायची यावर शिक्षकांत थोडी थट्टा झाली. वराळ्याला नको, असे कुणीतरी माझ्याकडे बघून म्हणाले. सुमय्याने ती नारळाच्या करवंटीत घेतली आणि कुंपणापाशी गेली.

"आबा, यांना शेडमध्ये जागा नाही," ती म्हणाली. "तुमच्या न्हाणीमागं ठेवाल?"

"पारावर कळलं म्हंजे?"

"म्हणा, मास्तरणीनं बळंच दिली."

"ते म्हनीन," आबा म्हणाले आणि त्यांनी करवंटी दोन्ही हातांनी घेतली.

श्रावणात, भातलावणी उरकल्यावर, मी पहिल्या पडताळणीला गेले. शाळांचे चोवीस टब झाल्यावर सुमय्या मला आबांच्या न्हाणीमागे घेऊन गेली. तिथे एक फुटका माठ होता, त्यावर ओले गोणपाट, आणि शेजारी तांब्याची कळशी. मी ओलाव्यात पट्टी बुडवली, मग खत वर्तमानपत्रावर काढून मोजले.

पीएच सात. मोठी गांडुळे चार. पिल्ले सत्तेचाळीस.